जपानी शाळेतला झाडू



हट्ट्याच्या या व्याख्यानमालेसाठी आम्ही जो विषय कळविला, तो ऐकून पुष्कळांना नवल वाटले. हमालांच्या आणि शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बायांच्या संघटनेत ज्याची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्याने हमालीच्या दरांवर बोलावे, फार तर माथाडी कायद्यावर बोलावे. जपानच्या शाळांशी त्याचा संबंध काय? शिवाय आम्ही जपान पाहिलेले नाही. आमचा सर्वांत लांबचा प्रवास मुंबईच्या मंत्रालयापर्यंतचा, आणि तोही बहुधा मोर्चाबरोबर. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढे जे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांवर बसून. परंतु गेली काही वर्षे हा विषय आमचा पिच्छा सोडीत नाही, आणि तो आमच्या कामाच्या अगदी आतला आहे असे आमचे मत बनत चालले आहे. ते मत आपल्यापुढे ठेवावे एवढ्यासाठी आज उभे आहोत.

जपानला जाऊन आलेला मनुष्य, मग तो अधिकारी असो, कारखानदार असो, की मुलाकडे दोन महिने राहून आलेले आईबाप असोत, परत आल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहत नाही. ती अशी की तिथली मुले आपली शाळा आपण झाडतात. नोकर नाही, चाकर नाही; पोरे हातात फडकी घेऊन ओणवी होतात आणि लांबच लांब ओसरी पुसून काढतात. मग खिशातून फोन निघतो, त्यातले चित्र दाखविले जाते, आणि शेवटी एक वाक्य येते : "आपल्याकडेही हे सुरू केले पाहिजे." या वाक्याशी आमचे कान टवकारतात. कारण झाडू ही वस्तू आमच्या चांगल्या ओळखीची आहे. आपल्या गावांत ती कोणाच्या हाती दिली जाते, आणि कोणाच्या हाती कधीच दिली जात नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

तेव्हा पाहुण्यांनी जे पाहिले ते खरे की खोटे, याचा आम्ही आधी छडा लावावयाचे ठरविले. वसमतकडचे एक जोडपे आमच्या परिचयाचे. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले; मुलगा टोकियोत संगणकाच्या कामावर. नातवाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी दोघे तिथे तीन महिने राहून आली. आम्ही त्यांच्याकडे चार-पाच वेळा जाऊन बसलो, आणि जे ऐकले ते छापील माहितीशी ताडून पाहिले.

टोकियो शहरात एदोगावा नावाचा वॉर्ड आहे आणि त्यात निशी-कासाई नावाची वस्ती. २००० सालच्या सुमारास संगणकांतल्या तारखांचा जो घोळ जगभर गाजला, तो निस्तरण्याच्या निमित्ताने भारतातून गेलेले तरुण तिथे राहू लागले. मेट्रो रेल्वेने कचेऱ्या जवळ, हे एक कारण. आणि निमसरकारी महामंडळाच्या मोठमोठ्या इमारतींत भाड्याने घर घेताना जामीनदार लागत नसे, हे दुसरे. खासगी घरमालक परक्या माणसाला घर द्यावयास खळखळ करतात. हे दुखणे आडनाव विचारून घर नाकारणाऱ्या आपल्या शहरांनाही अपरिचित नाही. आज त्या भागात हजारोंनी भारतीय आहेत. मराठी कुटुंबेही आहेत, गणपती बसतो, पुरणपोळ्या होतात. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथलेच. त्यांनी २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावाच्या वॉर्ड-सभेवर निवडून आले. भारतात जन्मलेला मनुष्य जपानात निवडून येण्याचा तो पहिला प्रसंग. पुढे २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतात त्सुचिउरा येथील एका सार्वजनिक हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. निवडणूक जिंकणे आम्हांस समजते. पण ज्या देशात बाहेरून आलेला म्हणून माणसाला घर मिळत नाही, त्याच देशात त्या माणसाच्या हाती हायस्कूल सोपविले जाते, ही गोष्ट आम्हांस निवडणुकीपेक्षा मोठी वाटली.

निशी-कासाईतल्या आईबापांपुढे दोन रस्ते असतात. २००४ पासून टोकियोत भारतीय पद्धतीच्या शाळा निघाल्या आहेत. तिथे इंग्रजीतून शिक्षण, ओळखीची पुस्तके, आणि उद्या बदली झाली तरी मुलाचे अडत नाही. मात्र फी चांगली जाड. दुसरा रस्ता वॉर्डाच्या सार्वजनिक शाळेचा. तिथे सगळे जपानीत. गुरुजींच्या मुलाने दुसरा रस्ता धरला.

काकू सांगत होत्या, "पहिल्या दिवशी मला तर रडूच आलं बघा. एवढंसं लेकरू, आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायलंय. घरी ह्यानं कधी पाण्याचा पेला उचलला नाही. सूनबाईला म्हटलं, हे काय ग, शिकायला पाठवलंस का मोलमजुरीला?"

गुरुजी हसले. म्हणाले, "मी मात्र मास्तरकडं बघत होतो. मास्तरबी पुसायला होता."

गुरुजींनी बरोबर पाहिले. तिथली शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, आणि सहा-सहा वर्षांची मुले नेमून दिलेल्या वाटेने, टोळी करून, पाठीवर रान्दोसेरू नावाचे कडक दप्तर घेऊन पायी जातात. बापाच्या मोटारीतून कोणी उतरत नाही. दारात जोडे बदलायचे, आतले निराळे. दुपारी जेवणाची पाळी ज्या मुलांवर असेल ती पांढरी टोपी, पांढरा डगला आणि तोंडावर फडके बांधून स्वयंपाकघरातून भांडी वर्गात आणतात आणि सर्वांस वाढतात. मास्तर त्यांच्यातच बसून तेच जेवतो. मुलांच्या आधी मुख्याध्यापकाने ते अन्न खाऊन पाहावयाचे असते. काही बिघडले असले तर पहिल्यांदा त्याचे पोट बिघडावे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे सफाई. वर्ग, जिना, ओसरी, आणि पुष्कळ शाळांत शौचालयसुद्धा. वरच्या इयत्तेतले मूल पहिलीतल्याला फडके पिळावयास शिकविते. फडके पिळणे हीही एक विद्या आहे. ती आम्हांस आमच्या आईने शिकविली, शाळेने नव्हे.

आम्ही कामगार संघटनेची माणसे. कारखान्यात गेलो की मालकाची कचेरी नंतर पाहतो, आधी शौचालय पाहतो. तिथे पाणी आहे का, कडी आहे का, आणि ते कोण धुते, या तीन प्रश्नांनी त्या कारखान्याची निम्मी हकीकत कळते. तेव्हा जपानच्या शाळेला हाच तिसरा प्रश्न विचारावा असे आमच्या मनात आले. कोण धुते? उत्तर असे की पाळी ज्याची असेल तो. डॉक्टरचा मुलगा आणि ट्रक चालविणाऱ्याचा मुलगा एकाच पाळीत असतात, कारण ते एकाच शाळेत असतात. प्राथमिक वर्गांतली शेकडा ९८ च्या आसपास मुले त्या देशात सार्वजनिक शाळांत जातात. ज्या वस्तीत राहता तिथली शाळा तुमची. झाडू मोठा झाला तो या एका गोष्टीमुळे. सर्व थरांची मुले जिथे एका छपराखाली नाहीत, तिथे पाळी लावणार कोणात? आपल्या गावात ज्याची थोडी ऐपत आहे त्याच्या मुलाला सकाळी पिवळी गाडी घेऊन जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे राहतात शेतमजुरांची, हमालांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले. त्यांच्यात झाडूची पाळी लावून समतेचा धडा कोणाला मिळणार आहे? ज्याला तो धडा हवा, तो पिवळ्या गाडीतून कधीच निघून गेला!

म्हणून जपानात उच्चनीच नाही, असे कोणी समजू नये. परत आलेले पाहुणे असे सांगतात, आणि ते चूक आहे. तिथेही कातडी कमावणारे, मेलेली गुरे ओढणारे यांचा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलेला होता. त्यांना बुराकू वस्तीचे लोक म्हणतात. १८७१ मध्ये सरकारने फर्मान काढून तो भेद कागदावर मोडला. माणसांच्या मनातून आणि लग्नाच्या बोलण्यांतून तो पुढे कितीतरी काळ गेला नाही. १९२२ मध्ये क्योतो शहरात या लोकांनी आपली संघटना उभी केली. आणि आम्हांस जी हकीकत सर्वांत आवडली ती १९६१ ची. कोची शहरात नागाहामा नावाची कोळ्यांची आणि बुराकू लोकांची वस्ती. तिथल्या आया पाठ्यपुस्तके विकत घेण्यासाठी दर वर्षी कर्जात पडत. त्यांनी शिक्षकांबरोबर बसून राज्यघटना वाचली. सक्तीचे शिक्षण मोफत राहील, असे तिच्या सव्विसाव्या कलमात लिहिलेले. आया म्हणाल्या, मग पुस्तके विकत का? आणि त्यांनी पुस्तके घेण्याचे नाकारले. शाळा सुरू, आणि शेकडो मुले पुस्तकांवाचून! नगरपालिका हादरली. हा वणवा पसरला आणि १९६३ पासून देशभर मोफत पुस्तके देण्यास सुरुवात झाली. आज निशी-कासाईत आपल्या मराठी मुलाच्या हाती जे कोरे पुस्तक पैशांवाचून पडते, ते त्या मजुरणींनी मिळवून दिलेले आहे. पाहुण्यांच्या फोनमध्ये ही हकीकत येत नाही, कारण तिचे चित्र काढता येत नाही.

जेवणाचेही तसेच. १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी एका बुद्धमंदिरातल्या शाळेत गरिबांची मुले उपाशी येत, म्हणून त्यांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचे द्यावयास आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीच्या काळात अमेरिकेहून आलेल्या दूध-भुकटीवर ती प्रथा पुन्हा उभी राहिली, आणि १९५४ मध्ये शाळेतल्या जेवणाचा स्वतंत्र कायदाच झाला. त्या कायद्यात जेवण हा शिक्षणाचा भाग मानलेला आहे, दान नव्हे. साहित्याचा खर्च पालकांकडून घेण्याची तिथे रीत होती. अलीकडे पुष्कळ नगरांनी तो माफ केला. मात्र स्वयंपाक करणाऱ्यांचा पगार, भांडी, चूल, पाणी हे सारे नगरपालिकेकडे. आहारशास्त्र शिकलेला स्वतंत्र शिक्षक नेमण्याची सोय २००५ पासून झाली.

आता आपल्याकडे पाहा. दुपारच्या आहाराची योजना आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला निघाली. प्रथम कोरडे धान्य वाटीत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये बजावले तेव्हा शिजविलेले अन्न मुलांच्या ताटात पडू लागले. जगात एवढ्या मुलांना रोज दुपारी जेवू घालणारा दुसरा देश नाही, आणि याचा आम्हांस अभिमान आहे. पण ते शिजविते कोण? गावातली विधवा, परित्यक्ता, भूमिहीन बाई. केंद्राने २००९ मध्ये तिचे मानधन ठरविले महिना १००० रुपये, तेही वर्षातून दहा महिन्यांचे. राज्याने आपली भर घालून ते २०२३ मध्ये २५०० पर्यंत नेले. पगार म्हणावयाचे नाही, मानधन म्हणावयाचे. मान दिला की धन कमी दिले तरी चालते, असा या शब्दाचा अर्थ आम्ही अनुभवाने लावला आहे. काही गावांत तर दलित बाईने शिजविले म्हणून मुलांनी ताट न घेतल्याचे प्रसंगही घडले. म्हणून जपानी मुलगा पांढरी टोपी घालून वाढतो ते चित्र पाहताना आम्ही त्या मुलाच्या मागे, स्वयंपाकघरात, पातेले कोण उचलते ते शोधतो.

आणि मास्तर? गुरुजींनी पाहिलेला तो फडके घेतलेला मास्तर सकाळी सात-साडेसातला शाळेत येतो, सफाईत असतो, जेवणात असतो, खेळांत असतो, आणि अंधार पडल्यावर घरी जातो. २०१८ मध्ये अनेक देशांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तीत माध्यमिक शाळेतला जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतो असे निघाले. सर्व देशांची सरासरी ३८ तासांच्या आसपास होती. या जादा तासांचा मोबदला काय? १९७१ चा एक कायदा आहे. त्यात जादा कामाचा हिशेब न ठेवता मूळ पगारावर शेकडा ४ टक्के सरसकट द्यावयाचे ठरले. तो आकडा काढला होता १९६६ च्या पाहणीवरून, जेव्हा जादा काम महिन्याला आठ तास होते. काम कितीतरी पटींनी वाढले आणि टक्के चारच राहिले, पन्नासांहून अधिक वर्षे! २०२५ मध्ये कायदा बदलला. दर वर्षी एकेक टक्का वाढवीत २०३१ पर्यंत दहावर न्यावयाचे ठरले. तिथली शिक्षकांची संघटना १९४७ ची, एके काळी मोठी बलाढ्य होती. आता तिचे सभासद पुष्कळ घटले आहेत. काम करून करून माणूस मरण्याला त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, करोशी. आणि ते टाळण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. पाहुणे त्या शाळेतली शिस्त पाहून खूश होतात. ती शिस्त कोणाच्या तरी झोपेतून काढलेली असते. आमच्या हमालबंधूंना हे समजावून सांगावे लागत नाही.

परक्या मुलांविषयी आणखी थोडे. निशी-कासाईतला मराठी बाप बरे कमावतो. त्याला दोन रस्ते आहेत असे आम्ही म्हणालो. सर्व परक्यांना ते नाहीत. १९९० मध्ये जपानने आपला प्रवेशाचा कायदा बदलला आणि ब्राझीलमध्ये गेलेल्या जपानी लोकांच्या मुला-नातवंडांना कामासाठी परत येण्याची वाट मोकळी केली. हामामात्सू, तोयोता अशा शहरांतल्या मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत ते लागले. चेहरा जपानी, भाषा पोर्तुगीज. त्यांची मुले वर्गात बसत, पण फळ्यावरचे एक अक्षर कळत नसे. २००८ मध्ये मंदी आली, तेव्हा आधी त्यांना काढले, आणि २००९ मध्ये सरकारने माणशी तीन लाख येन देऊन परत जा म्हणून सांगितले. तिथे शिक्षणाची सक्ती आहे ती नागरिकांच्या मुलांना. परक्याचे मूल शाळेत आले तर घेतात, फी मागत नाहीत. न आले तर बोलावू जाणे कायद्याने बांधलेले नाही. २०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदाच मोजणी केली, आणि सुमारे वीस हजार परकी मुले बहुधा शाळेबाहेर असावीत असे आढळले. मोजणीनंतर मात्र तिथल्या नगरपालिकांना जाग आली. मुलांना जपानी शिकविणारे वर्ग आणि शिक्षक वाढू लागले आहेत.

हे ऐकताना आपल्यापैकी काहींना आपल्याच घरची आठवण झाली असेल. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून निघतात. कोपीत राहणारे ते मूल सांगली-कोल्हापुराकडच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले तर भाषा तीच, राज्य तेच; तरी ते परकेच असते. इकडच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, तिकडच्या पटावर नसते, आणि मार्चमध्ये ते परत येते तेव्हा पुस्तक पुढे गेलेले असते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. काही चालली, काही कागदावर राहिली. जपानला आपल्या परक्या मुलांची मोजणी करावयास २०१९ उजाडले, म्हणून त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग पाहुण्याने परदेशातून आणावे तरी काय? एक नमुना आपल्याच लोकांत आहे. १९१५ च्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. ते विद्यापीठ नारुसे जिंझो यांनी १९०१ मध्ये काढलेले. स्त्रियांना स्वभाषेतून उच्च शिक्षण देता येते, त्यासाठी परकी भाषा आडवी येऊ द्यावी लागत नाही, हा त्यातला मुद्दा कर्व्यांनी पकडला, आणि १९१६ मध्ये पुण्यास महिला विद्यापीठ सुरू केले. तोवर त्यांनी जपान पाहिलेलाही नव्हता! ते प्रत्यक्ष टोकियोला गेले ते पुढे, १९२९-३० च्या जगप्रवासात, सत्तरी ओलांडल्यावर. आणखी एक मौज अशी की जपानच्या सरकारने त्या मूळ संस्थेला विद्यापीठाचा कायदेशीर दर्जा १९४८ मध्ये दिला, आणि कर्व्यांच्या विद्यापीठाला आपल्याकडे तो १९५१ मध्ये मिळाला. म्हणजे दोन्हीकडे सरकारच्या शिक्क्यावाचूनच काम चालले होते. कर्व्यांनी पुस्तिकेतले चित्र भिंतीवर लावले नाही. दारोदार वर्गणी मागत हिंडले.

आणि झाडूच्या बाबतीत तर आपल्याला पुस्तिकेचीही गरज नव्हती. गाडगेबाबा ज्या गावी जात तिथे दिवसा झाडू मारीत आणि रात्री कीर्तन करीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, आणि स्वयंपाक, सफाई स्वतः करीत. ही जपानच्या शाळेच्या तोडीची गोष्ट होती, आणि आपल्या मातीत उगवलेली होती. फरक पडला तो पुढे. त्यांनी जे वार्डावार्डांत, प्रत्येक साध्या शाळेत रोजचे करून टाकले, ते आपण थोर पुरुषाच्या चरित्रात बंद केले आणि त्याच्या पुण्यतिथीला उघडू लागलो. पुण्यतिथीला झाडू हाती घेणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिले. झाडू नवा असतो, रस्ता आधीच झाडलेला असतो.

आता ज्या प्रसंगामुळे या विषयाचा आम्हांस नाद लागला तो सांगतो. गाव आपल्या टापूतले आहे, हट्टा नव्हे. नाव घेत नाही. तिथल्या शाळेत कोणा पाहुण्याचे भाषण झाले, जपानची चित्रे दाखविली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून "स्वावलंबन" सुरू झाले. वर्ग झाडणे सर्वांनी थोडे थोडे केले. शौचालयाची वेळ आली तेव्हा नावे पुकारली गेली. आठवडाभर तीच चार नावे. ती चारही मुले एकाच वस्तीतली होती. कोणत्या, ते मी सांगावयास नको. शाळेत पाणी नव्हते. हापशावरून बादल्या त्यांनीच आणावयाच्या. त्यांतल्या एका मुलीची आई आमच्या संघटनेची सभासद, त्याच शाळेत खिचडी शिजविणारी. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, माझ्या सासूनं हेच केलं, मी लग्नाआधी हेच केलं. लेकीला शाळेत घातलं ते ह्याच्यातून सुटावी म्हणून. आता शाळाच तिला हे शिकवायली."

यावर काय बोलावे? डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मुलांना शौचालयाच्या खड्ड्यात उतरविल्याचे उघडकीस आले, आणि अटका झाल्या. तेव्हा हे एका गावाचे दुखणे नव्हे. आमच्यातले तरुण कार्यकर्ते म्हणाले, गुन्हा नोंदवा. ज्येष्ठ म्हणाले, मुलांकडून कसलीच सफाई करून घेऊ नये असा ठराव करा. आम्ही दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. गुन्ह्याचा रस्ता कायद्याने उघडा आहे, आणि तो बाईच्या हाती होता. पण दुसऱ्या ठरावास आमचा विरोध होता. मुलांनी झाडूच धरू नये असे म्हटले, की झाडू पुन्हा त्याच वस्तीकडे, मुलांऐवजी त्यांच्या आयांकडे जातो. आणि बाकीच्यांचे हात जन्मभर स्वच्छ राहतात. आम्ही त्या बाईलाच विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, "पाळी लावा. पर सगळ्यांची लावा. सरपंचाच्या नातवाची, मास्तरच्या पोराची."

तिची मागणी घेऊन आम्ही पालकसभेत गेलो. सभा तीन तास चालली. एक गृहस्थ उठून म्हणाले, आमची मुले इथे शिकावयास येतात, असली कामे करावयास नाही. त्यावर ती बाई मागून उभी राहिली आणि म्हणाली, "अन् आमची?" तीन तासांत एवढे एकच वाक्य असे होते की ज्याला कोणाकडून उत्तर आले नाही. शेवटी ठरले ते असे. वर्ग आणि पटांगण हजेरीपटाच्या अनुक्रमाने, मुले-मुली सर्व, शिक्षकांसह. शौचालय मुलांनी धुवावयाचे नाही. हातमोजे, औषध आणि नळाचे पाणी येईपर्यंत ते काम ग्रामपंचायतीने रोजंदारी देऊन करून घ्यावयाचे, आणि त्या रोजंदारीवर एकाच वस्तीतला माणूस बोलवावयाचा नाही. पाळीचा कागद शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावला गेला. दोन पालकांनी मुले काढून इंग्रजी शाळेत घातली. बाकीची राहिली. शिक्षकांपैकी एक तरुण बाई पहिल्या दिवसापासून मुलांबरोबर झाडू धरतात. दुसरे गुरुजी अजून लांब उभे राहून सूचना देतात. सरपंचांचा नातू चौथीत आहे. त्याची पाळी मंगळवारी असते, आणि तो येतो. एकदा आला नाही, तर वर्गातल्या मुलांनीच त्याला घरून आणले.

नळ मात्र अजून आलेला नाही. रोजंदारीचे पैसेही गेले दोन महिने थकले आहेत, आणि खिचडीवाल्या बायांच्या मानधनाचे तीन महिने. त्यासाठी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता वसमतला पंचायत समितीवर आम्ही अर्ज घेऊन जाणार आहोत. त्या गावच्या बाया येणार आहेत, आमचे वसमतचे गुरुजीही यावयाचे म्हणतात. हट्ट्याहून ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे, तीत नाव लिहावे, म्हणजे जीपगाड्या किती लागतील ते समजेल.